माणसाचं वजन पेलेल असा हूक

आमच्याकडे कुणी रडायला लागलं, की आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात, मग "असू दे, असू दे" म्हणतात आणि मग विषय बदलतात. कुठंबाई यातलं काहीच करायच्या नाहीत. त्या समोर बसायच्या आणि कुणाचा पत्ता विचारावा तशा साध्या सुरात विचारायच्या, "कुठं होतंय?" माणूस म्हणायचा, वाईट वाटतंय. "हो, पण कुठं?" मनात, म्हणायचा. "मनाचं नंतर बघू. घशात? पोटात? पाठीत? हात ठेवून दाखवा." रडणारा माणूस इतका बुचकळ्यात पडायचा, की रडायचं विसरून स्वतःचं अंग चाचपायला लागायचा. त्यावरून त्या राहायच्या त्या लोधिवली गावातल्या पोरांनी त्यांना कुठंबाई हे नाव ठेवलं. खरं नाव फाटकावरच्या पाटीवर होतं, खाली 'देह-मन उपचार' असंही लिहिलेलं होतं. पण ती पाटी फारशी कुणी वाचायचं नाही, आणि जे वाचायचे ते मुरगळलेला पाय घेऊन यायचे.

माझं रसायनीत नाक्यावर हार्डवेअरचं दुकान आहे. माहेरी कर्जतला वडिलांचंही तेच होतं, त्यामुळे खिळे आणि नटबोल्ट यांच्यातच मी वाढले. गिऱ्हाईक काय मागतंय यावरून त्याच्या घरात काय चाललंय ते मला बहुतेक वेळा कळतं. एका घराला दोन कड्या-कोयंडे लागले, की वाटणी झाली. म्हातारा माणूस बाथरूमला लावायचा दांडा मागायला लागला, की तो एकदा तरी पडून आलेला असतो. पण कुठंबाई पहिल्यांदा दुकानात आल्या, तेव्हा माझं गणित चुकलं.

उंच, आडव्या अंगाच्या, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, अंगात चुरगळलेला सुती कुडता. पायात काहीच नव्हतं. चपला घरी विसरून त्या गाडी चालवत आल्या होत्या.

"माणसाचं वजन पेलेल असा हूक आहे का? छताला लावायचाय."

"झोपाळ्याला?"

"नाही, माणूस लटकवायला."

मी हातातला माल खाली ठेवला. "ताई, घरात आणखी कोण कोण असतं?"

त्या हसल्या ते सगळं अंग हलवून. "घाबरू नका हो. दोर बांधायचा, तो दोन्ही हातांनी धरायचा आणि गुडघे सैल सोडायचे. पाय जमिनीवरच. ज्यांना कुठंच भार टाकता येत नाही त्यांच्यासाठी आहे ते."

"आणि त्यानं काय होतं?"

"कधी काहीतरी होतं. कधी काहीच होत नाही. मला आधी सांगता येत नाही."

हे उत्तर मला अजिबात आवडलं नाही. मी हूक विकते तेव्हा तो किती वजन पेलेल ते सांगून विकते. पंख्याचा हूक त्यांना मी दिलाच नाही. स्लॅबमधून आरपार बोल्ट जातो, तो झोपाळ्याचा दिला. पिशवी घेऊन त्या निघाल्या आणि दाराशी थांबल्या. मागे कोपऱ्यात माझा नवरा उंच स्टुलावर बसला होता, त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "यांचे पाय जमिनीला का लागत नाहीत?"

मी वळून बघितलं. स्टुलाच्या खालच्या दांडीवर पाय घट्ट दुमडून तो बसला होता. तो कितीतरी महिने असाच बसत होता आणि मला ते एकदाही दिसलं नव्हतं.

माझा नवरा सुभाष जवळच्याच एका केमिकल कंपनीत फिटर होता. घरची भातशेती, पण कंपनीत कायम झालेला घरातला पहिला माणूस. एके दिवशी त्याच्या प्लँटमध्ये वाफेची लाइन फुटली. त्याच्या बरोबरचा फिटर गजा बाहेर आलाच नाही. सुभाष पळाला. कंपनीचं गेट ओलांडून, एका पायात बूट आणि एक पाय अनवाणी, तो थेट घरी पळत आला आणि ओट्यावर उभा राहिला. अंगावर एक ओरखडा नव्हता. सगळ्या तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल निघालं. पण कामावर जायला निघाला, की गेटच्या अलीकडे त्याचे पाय लटपटायचे आणि तो मटकन खाली बसायचा. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. सासूबाईंनी दृष्ट काढली. मी त्याला स्कूटरवरून गेटपर्यंत सोडायचा प्रयत्न केला, तर परत माझ्याच मागे बसून आला. "काय नाय झालं मला," एवढंच तो म्हणायचा. कंपनीनं बराच धीर धरला होता, पण शेवटी युनियनचा माणूस घरी येऊन सांगून गेला, की दसऱ्याच्या आत हजर नाही झाला तर नोकरी हातची जाईल. मुलगी कॉलेजात होती, घराचं वरचं बांधकाम अर्धं होतं, आणि कायमची नोकरी म्हणजे आमच्याकडे काय असतं ते मी वेगळं सांगायला नको.

म्हणून त्याला स्कूटरवर मागे बसवून मी लोधिवलीला नेलं. माझा विश्वास होता म्हणून नाही. बाकीचं सगळं करून झालं होतं म्हणून.

खोलीत खुर्ची नव्हती. खाली सतरंजी, एका परातीत नदीची वाळू, आणि मधोमध माझ्या दुकानातल्या हुकाला बांधलेला दोर. कुठंबाईंनी मुंबईत एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून बरीच वर्षं काढली होती. "लोकांचे खांदे मोकळे करायचे, हे माझं काम," त्या सांगायच्या. "खांदा जरा फिरवला, की माणसाला सासरा आठवायचा आणि तो रडायला लागायचा. माझ्या हातात खांदा, समोर हे रडं, आणि मला फक्त खांद्याचं शिकवलेलं. मग बाकीचं शिकायला गेले."

सुभाषला त्यांनी भिंतीला हात लावून भिंत ढकलायला सांगितली. तो ढकलत होता आणि मी बघत होते. भिंत काही हलत नव्हती. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी पळालात ना तुम्ही?"

सुभाष खाली बघून म्हणाला, "हां."

"चांगलं केलंत. पायांनी तुम्हाला घरी आणलं. पायांना कुणी शाबासकी दिली का?"

मला हसू आलं, पण सुभाषचे कान लाल झालेले बघून मी ते गिळलं. घरी करायला त्यांनी एवढंच दिलं: रोज संध्याकाळी स्वतःच्या पायांना स्वतःच्या हातानं तेल लावायचं, आणि बसताना तळवे जमिनीला टेकवायचे. येताना स्कूटरवर मी म्हणाले, "पायांना शाबासकी! उद्या कोपराला हळदीकुंकू करायला सांगतील." पण त्या संध्याकाळी तो तेलाची वाटी घेऊन पडवीत बसला, आणि मी काहीतरी काम काढून आतच राहिले.

बाईंच्या घरी कायम कुणी ना कुणी असायचं. लोधिवलीतली एक म्हातारी तर पहिल्यांदा म्हैस घेऊन आली होती. म्हैस दूध देत नाही, जरा हात लावून बघा म्हणाली. बाईंनी सरळ सांगितलं, "आजी, म्हशीचं मला कळत नाही." म्हातारी म्हणाली, "मान्सांचं कलतंय ना? मंग ती तर लय सोपी हाय." बाई त्या म्हशीजवळ दुपारभर बसून राहिल्या. म्हशीनं काही दूध दिलं नाही, उलट एक लाथ दिली. पुढच्या आठवड्यात म्हातारी एकटीच आली, दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "म्हशीला काय नाय झालं गं बाय. मलाच झालंय." ही गोष्ट बाई स्वतःची फजिती म्हणून सांगायच्या आणि लाथ लागलेली मांडी चोळून दाखवायच्या. मला मात्र ही फजिती की कौशल्य ते कधीच ठरवता आलं नाही.

त्यांचं बाकी सगळं वागणंही असंच कोड्यात टाकणारं. दुसऱ्याचा श्वास कुठे अडकतो ते त्यांना समोरून चालत येणाऱ्या माणसावरून कळायचं, पण स्वतःची गाडी दुसऱ्या गियरमध्ये अडकलीय हे चौकापर्यंत कळायचं नाही. चहा दरवेळी उतू घालवायच्या. दुसऱ्यांना "खांदे खाली सोडा" सांगताना त्यांचे स्वतःचे खांदे कानापर्यंत आलेले असायचे. मी एकदा ते बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "हो की. कुठून आले हे?" आणि अगदी कुतूहलानं स्वतःच्या खांद्यांकडे बघायला लागल्या. आणि "मला माहीत नाही" हे तर त्यांच्या तोंडी रामनामासारखं. माझ्या मते उपचार करणाऱ्यानं ते म्हणायचं नसतं. आजाऱ्याला आधीच काही माहीत नसतं. दोघांनाही माहीत नसेल तर जायचं कशाला?

चटणीचा प्रकार त्यांच्या लक्षात आला तो असा. रिकाम्या हातानं जायचं बरं दिसत नाही म्हणून मी दरवेळी चटणीची बरणी न्यायची. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची, लसणीची. एके दिवशी त्यांनी कपाट उघडून बरण्यांच्या रांगेकडे बघितलं आणि विचारलं, "तुमच्याकडे एवढी चटणी कोण खातं?"

"कुणीच नाही," सुभाष म्हणाला. त्याच्या तोंडून आपणहून निघालेलं हे पहिलं वाक्य असेल.

मग मला सांगावं लागलं. आमच्या भागात घड्याळ बघायची गरज नसते. कंपनीचा भोंगा होतो. सकाळी सातचा, दुपारी तीनचा, रात्री अकराचा. त्यावर कुकर लागतात, पोरं शाळेतून येतात, नवरे डबा घेऊन निघतात. त्या अपघातानंतर भोंगा वाजला, की सुभाष मोरीत जाऊन नळ सोडून बसायचा. सकाळी मी टीव्ही मोठा लावायची, रात्री तो गोळी घेऊन झोपलेला असायचा. राहिला तीनचा भोंगा, आम्ही जेवायला घरी असायचो तेव्हाचा. त्याला मी मिक्सर शोधून काढला होता. तीनला दोन मिनिटं असताना खिडक्या लावायच्या आणि मिक्सर सुरू करायचा. मिक्सर रिकामा फिरवता येत नाही, जळतो. म्हणून चटणी. आमच्या आळीत अशी एकही बाई उरली नव्हती, जिच्या घरात माझी कारळ्याची चटणी नव्हती. शेजारीण तर म्हणाली होती, "अगं, लायसन काढ आणि विकायला लाग."

मला वाटलं, बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मिक्सर बंद करायचा. उद्या तीनला मी येते."

आल्या. चपला घालून आल्या, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं प्रसंग मोठा होता. ओट्यावर सुभाषच्या शेजारी बसल्या. दोघांचे तळवे अंगणातल्या फरशीवर. मी आत, स्वयंपाकघराच्या दारात. भोंगा सुरू झाला आणि सुभाषचे गुडघे उडायला लागले. आधी गुडघे, मग मांड्या, मग दात. मला ते बघवेना. मी मिक्सरकडे गेले.

"मिक्सरला हात लावू नका," बाई मागे न बघता म्हणाल्या. "आणि जमलं तर आपल्या हाताकडे बघा जरा."

मी बघितलं. माझी मूठ मिक्सरच्या बटणावर इतकी आवळलेली होती, की बोटं पांढरी पडली होती. ती मला लगेच उघडताच येईना.

बाहेर बाई सुभाषला सांगत होत्या, "थरथरू द्या. आवरू नका. हरणं नाही का, वाघ गेला की अंग झटकतात?"

दात वाजत असतानाच सुभाष म्हणाला, "आमच्याकडं वाघ नाय, बाई."

"बरं, कुत्रं बघितलंय? भिजल्यावर?"

"हां. कुत्रं बघितलंय."

"मग तसं."

भोंगा थांबला, तरी तो थरथरत राहिला. मग मोठमोठ्या जांभया द्यायला लागला, एकामागून एक, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. गजाचं नाव त्यानं घेतलं, एकदाच. आणि मग मला हाक मारली, "अगं, आज आमटीत मीठ नव्हतं." त्याला चव लागली होती याचंच मला नवल वाटलं.

त्याच वेळी तुळशीमागून एक बेडूक टुणकन बाईंच्या पायावर आला. एवढ्या मोठ्या बाई किंचाळून ओट्यावर चढल्या, चहाचा कप फुटला, आणि त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. सुभाषनं बेडूक हातात धरून कुंपणापलीकडे सोडला, परत आला आणि गंभीरपणे विचारलं, "कुठं होतंय, बाई?"

"सगळीकडं!" त्या ओरडल्या. कितीतरी महिन्यांनी मी माझ्या नवऱ्याला हसताना बघितलं.

त्यानंतर तो सुधारत गेला यात शंका नाही. झोपायला लागला. नाक्यापर्यंत चालत जायला लागला. भोंगा झाला, की पाय जरा हलायचे, मग तेही थांबलं. हे तेलानं झालं, थरथरण्यानं झालं, की नुसते दिवस गेल्यानं झालं, कोण जाणे. मी बाईंना विचारलं. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. मी युनियनच्या माणसाला निरोप धाडला. युनिफॉर्म धुऊन इस्त्री केला. नवरात्र बसायच्या आधी तो हजर होणार असं ठरलं, आणि मीच बाईंना म्हटलं, तुम्हीही या गेटवर.

दुपारच्या शिफ्टला लोक आत चालले होते. सुभाषला बघून एकजण ओरडला, "आला रं, आपला फिटर आला!" वॉचमननं हात वर केला. सुभाष गेटपाशी गेला आणि उभा राहिला. मी आणि बाई रस्त्याच्या अलीकडे. त्याचे पाय अजिबात लटपटत नव्हते. मी बाईंचा हात धरला, आणि माझ्यासारख्या बाईनं तो धरला म्हणजे मला किती आनंद झाला असेल ते समजून घ्या. भोंगा झाला, अगदी त्याच्या डोक्यावर. तो हलला नाही. भोंगा संपला, आणि तो शांतपणे वळून आमच्याकडे चालत आला.

"काय झालं? लटपटले का?" मी विचारलं.

"नाय. एकदम घट्ट हायेत." तो स्वतःच्या पायांकडे बघत होता. "म्हनून तर कळलं. मला आत नाय जायचं."

"आज नाही, की उद्या..."

"कदीच नाय. इतके दिवस जायचं होतं नि पाय नेत नव्हते. आता पाय नेतायत, तर मलाच नको हाय."

मी बाईंकडे वळले. "हे काय, बाई?"

त्यांचा चेहरा माझ्याइतकाच गोंधळलेला होता. "मला वाटलं होतं, जातील."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नव्हतं?"

"नाही."

"मग तुम्हाला माहीत असतं तरी काय?"

एखादीनं राग धरला असता. त्या खरंच विचार करायला लागल्या. "अंग खरं बोलतंय की खोटं, एवढं थोडंफार कळतं."

"आणि आज?"

"आज खरं बोलतंय."

"खऱ्या बोलण्यावर घर चालत नाही," मी म्हणाले, स्कूटर सुरू केली आणि दोघांना तिथंच उभं ठेवून निघून आले. सुभाष घरी चालत आला. त्या दिवसासारखं पळत नाही, चालत. तेही माझ्या नंतर लक्षात आलं.

त्यानंतर बरेच महिने मी लोधिवलीला गेले नाही. रस्त्यात त्यांची गाडी दिसली, तर मी पुढे बघायची. रागावले होते म्हणावं, तर नक्की कशावर ते मलाच सांगता येत नव्हतं. दुकानाच्या भाषेत सांगायचं, तर विहिरीवरचा बंद पडलेला पंप मी दुरुस्तीला दिला होता. तो दुरुस्त होऊन आला. झकास चालतो, आवाज नाही, गळती नाही. फक्त आता म्हणतो, मी तुमच्या विहिरीवर बसणार नाही. याची तक्रार कुणाकडे करायची? दुरुस्ती करणाऱ्यानं काम चोख केलेलं, आणि पंपाचं म्हणणं तर तुम्ही आयुष्यात कधी विचारलेलंच नसतं.

नोकरी गेली. वरचं बांधकाम अजूनही अर्धंच आहे, सळ्यांना गंज चढलाय. सासूबाई अधूनमधून "कंपनीतला माझा लेक" म्हणता म्हणता थांबतात. सुभाषनं दुकानाबाहेर एक बाकडं टाकलं आणि पंप दुरुस्त करायला लागला. शेतातले, सोसायट्यांचे, कुंभिवलीच्या हायवेवरच्या ढाब्यांचे. पायाला चिखल घेऊन घरी येतो, ओट्यावर बसून ते निगुतीनं धुतो, तेल लावतो. जेवताना बोलतो. गजाच्या बायकोच्या घरचा पंप बघायला तो स्वतःहून गेला, आणि आल्यावर मला सगळं सांगितलं. कंपनीत होता तेव्हा तो चांगला मिळवायचा आणि घरात मुका असायचा. आता उलट आहे. या दोन्हींतलं मला कुठलं हवं होतं, असं कुणी विचारलं असतं, तर मी ताडकन उत्तर दिलं असतं. सुदैवानं विचारलं कुणी नाही.

गेल्या थंडीत सुभाषनं निरोप आणला. बाई चालल्या होत्या. त्यांच्या घरमालकानं जागा गोदामासाठी विकली होती, आणि बाई बहिणीकडे कोल्हापूरला जाणार होत्या. "हूक काढून न्या म्हनाल्या. शिडी धरायला कुनीतरी पायजे," तो म्हणाला. घडीची शिडी कुणी न धरताही उभी राहते हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी गेले.

अंगणात ती म्हशीवाली म्हातारी पोपटी लावत होती. मडक्यात वालाच्या शेंगा, वरून भांबुर्ड्याचा पाला, भोवती जाळ. सगळ्या घराला तो कडसर हिरवा वास आला होता. खोली रिकामी झालेली. सतरंजी गुंडाळलेली, बरण्या खोक्यात, आणि मधोमध तो दोर. बाईंनी शिडी मधोमध ओढली, मी धरली. सुभाष पाना घेऊन शिडीवर चढला.

"थांबा जरा," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "काढायच्या आधी तुम्ही एकदा धरता का?"

"मला काय झालंय? मला काही झालेलं नाही."

वरून शिडीवरून आवाज आला, "मी पन असंच म्हनायचो."

वाद घालण्यापेक्षा उरकून टाकावं म्हणून मी दोर धरला. दोन्ही हातांनी, घट्ट. "गुडघे सैल," बाई म्हणाल्या. सोडले. "अजून. तो हूक तुमच्याच दुकानातला आहे." ते मात्र खरं होतं. तो बोल्ट मी निवडून दिला होता, तो किती पेलतो ते मला पक्कं ठाऊक होतं. मी भार टाकला.

रडले वगैरे नाही. छातीतून की पोटातून, एक आवाज निघाला; खूप दिवस बंद असलेल्या दाराची बिजागरी करते तसा. तो माझाच आहे हे कळायला मला जरा वेळ लागला. वर बघितलं, तर सुभाष शिडीवरून माझ्याकडे बघत होता, हातातला पाना तसाच.

बाईंनी अगदी जवळ येऊन हळूच विचारलं, "कुठं?"

मी शोधलं. खरंच शोधलं. खांदे, पाठ, पोट, मिक्सरवर आवळलेली ती मूठ. "मला माहीत नाही," मी म्हणाले.

आयुष्यात माझ्या उत्तरावर इतक्या समाधानानं कुणी मान डोलावलेली नाही. "मग राहू दे," त्या म्हणाल्या. "घाई नाही."

त्या गेल्या. निघताना गाडी दोनदा बंद पडली, आणि चपला आमच्या स्कूटरपाशीच राहिल्या. नंतर फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, असू द्या, कुणाच्या तरी पायाला होतील. कुणाच्याच झाल्या नाहीत, फार मोठ्या आहेत.

हूक आता माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, छताला आहे. सुभाषनं लावला, मी न सांगता. गिऱ्हाइकांनी विचारलं, तर मी वजनकाट्यासाठी आहे म्हणते. दुपारी तीनला भोंगा होतो. बाहेर बाकड्यावर कुणाचा तरी पंप उघडून बसलेला सुभाष मान वर न करता म्हणतो, "तीन वाजले गं." मग मी शटर अर्धं खाली ओढते, आत जाते, दोर धरते आणि गुडघे सैल सोडते. आणि स्वतःलाच विचारते, कुठं? उत्तर रोज वेगळं येतं. काल मान होती. आज दोन्ही तळहात. बोल्ट अजून हललेला नाही. तक्रार कुणाकडे करायची, तेही ठरलेलं नाही.